आभाळाला शेक

धुराडं झाडायला ओयालांचा कोडी आला
त्या सकाळी बाहेर उणे एकोणीस होतं.
रात्री झोपेपर्यंत मी ओंडके सारत होते,
तरी मागच्या खोलीत पेल्यातल्या पाण्यावर
बर्फाची साय धरली होती.

त्यानं टॉर्च घेऊन आत डोकं खुपसलं,
तिथूनच म्हणाला,
ही शेगडी नाहीच, मिसेस कोस्केला,
हा पत्र्याचा डबा आहे, कारखान्यातून तयार आलेला.
विटासुद्धा विटा नाहीत,
विटांचा छाप उठवलेल्या लाद्या, बोटभर जाड.

मला का माहीत नाही?
अठ्ठ्याहत्तर साली ट्रकमधून आला, पुठ्ठ्यात गुंडाळून.
रेइनो आणि त्याच्या मेव्हण्यानं
जेवण आणि कॉफीच्या मधल्या वेळात
तो भिंतीत बसवलासुद्धा.

दहा ओंडके घातलेत तर नऊ वर जातात, कोडी म्हणाला.
शिवाय जाळाला हवा लागते, ती तो घरातलीच ओढतो,
तुम्ही गॅसचं बिल भरून तापवलेली.
म्हणजे सत्तेचाळीस हिवाळे
मी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या.
लष्कर कसलं,
लेक सुपीरियरवरचं ते करडं आभाळ,
एकदाही म्हणालं नाही, बाई, बस झालं.

मग आता काय करू ते सांग, म्हटलं,
आणि मला काही विकू नकोस.
त्यानं लाकूड हातात घेऊन वाजवून पाहिलं.
मेपल आहे, पण ओला, याचं अर्धं बळ पाणी उकळण्यात जातं.
दोन उन्हाळे पत्र्याखाली ठेवा.
जाळ लहान पण कडक हवा, धुमसता नको.
मागे ओतीव लोखंडाचा पत्रा उभा करा.
नवा स्टोव्ह आत सरकवू? मी विचारलं.
भिंत पेटेल, म्हणाला.

मग जमिनीवर आडवा झाला.
दगडांवर बोटाच्या पेरानं टकटक करत विचारलं,
खालच्या फटी कुठायत?

कसल्या फटी?

डब्याला दोन कातडी असतात.
गार हवा खालून शिरते, मधून तापत जाते,
वरच्या जाळीतून खोलीत येते.
त्याच जागी कुणीतरी दगड बसवलेत.

कुणीतरी.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात खाणीनं घरी बसवलं तेव्हा
रेइनो रोज सरोवरावर जायचा, खिसे भरून यायचा.
अकरा दिवस दिवाणखान्यात वर्तमानपत्रावर दगड मांडलेले,
मधून चालायची चोरी.
लाल, चपटे, एक आरपार भोकाचा,
एक राखाडी, त्यावर पांढरी रेघ,
हा कॅल्युमेटचा रस्ता, म्हणायचा.
शेजारी कॉफीचे कप हातात धरून बघायला आले होते.
मीच सर्वांत जास्त वाखाणलं होतं.

कोडी हळूच म्हणाला, नुसत्या उबेचा प्रश्न नाही.
मागचा लाकडी खांब भाजून चॉकलेटी झालाय.
अजून दहा वर्षं टिकेल,
नाहीतर एक रात्र.

छिन्नी आणायला तो गाडीकडे गेला,
जरा जास्तच वेळ लावला त्यानं.
तोवर मी तळघरातून रेइनोचा हातोडा आणला होता.
पहिला घाव निसटला. दुसऱ्यानं टवका उडाला.
सिमेंट चांगलं कालवलं होतं मेल्यानं.

चौदा दगड निघाले.

संध्याकाळी जाळ केला.
आधी चव्वेचाळीस वर्षांच्या धुळीचा जळका वास आला,
मग ज्या जाळीला मी इतके दिवस
नुसती शोभेची समजत होते
तिच्यातून गालावर काहीतरी आलं,
कुत्र्याच्या श्वासासारखं कोमट,
आणि येतच राहिलं.

मागची खोली अजून गारच आहे,
ती काही सुधारायची नाही.
पण पेल्यावर आता साय धरत नाही.

दगड मी फेकले नाहीत.
जाळासमोर ओळीनं मांडते, फार जवळ नाही,
ओला दगड फुटतो, कोडीनं बजावलंय.
झोपताना कॅल्युमेटचा रस्ता
जुन्या टॉवेलात गुंडाळते
आणि पायाशी घेते.
पहाटे तीनपर्यंत पुरतो.